लिनाटेचा अहवाल कसा वाचावा?

विमानतळावरील सुरक्षेविषयी चार वाक्ये लिहा, असे नववी-दहावीच्या कोणत्याही वर्गात सांगितले, तर मुले काय लिहितील याचा अंदाज करणे कठीण नाही. सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र, धातू ओळखणारी कमान, नेलकटर काढून घेणारा जवान आणि अलीकडे पाण्याची बाटली. हे सारे विमानात पाऊल टाकण्यापूर्वीचे. काचेच्या भिंतीपलीकडे, जिथे विमाने उतरतात, वळतात, रांगेत उभी राहतात, तिथल्या सुरक्षेबद्दल एकही वाक्य येणार नाही. खुद्द आम्हीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो.

यात थोडा दोष भाषेचाही आहे. माणसांच्या दुष्ट हेतूपासून बचाव आणि हेतू कोणताही नसताना होणाऱ्या अपघातापासून बचाव, या दोन्हींना आपण ‘सुरक्षा’ म्हणतो. गंमत अशी की इटालियन भाषेतही तसेच आहे. तिथेही दोन्हींना ‘सिकुरेझ्झा’ हा एकच शब्द. या लेखापुरते आम्ही पहिल्या प्रकाराला बंदोबस्त म्हणू आणि दुसऱ्याला सुरक्षितता. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कागदपत्रांत हे दोन विषय वेगळेच आहेत. विमानतळाची रचना, खुणा व दिवे यांचे नियम परिशिष्ट १४ मध्ये आहेत, ते १९५१ चे. बंदोबस्ताचे नियम परिशिष्ट १७ मध्ये आहेत, ते १९७४ चे. म्हणजे रंगाच्या रेषा आधी आणि धातुशोधक कमानी नंतर. लोकांच्या मनात मात्र हा क्रम उलटा झाला आहे.

आज ज्याचे परीक्षण करायचे आहे तो ग्रंथ नव्हे, अहवाल आहे. ८ ऑक्टोबर २००१ रोजी इटलीतील मिलान शहराच्या लिनाटे विमानतळावर दोन विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ११८ माणसे मेली. इटलीच्या विमान-अपघात अन्वेषण संस्थेने त्याचा अंतिम अहवाल जानेवारी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. ही संस्था १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेली, म्हणजे वयाने लहानच. अहवालाचे इंग्रजी भाषांतरही उपलब्ध आहे. विज्ञान शिकवणाऱ्यांनी तो वाचावा असे आम्हांला वाटते. तो निर्दोष आहे म्हणून नव्हे. ‘कारण’ या शब्दाचा अर्थ काय, या प्रश्नाशी तो प्रामाणिकपणे झटतो आणि एका जागी अडखळतो. जिथे अडखळतो ती जागा आमच्या मते सर्वांत शिकण्यासारखी आहे.

प्रथम तारखेकडे पाहू. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवरील हल्ल्याला त्या दिवशी २७ दिवस झाले होते. आदल्याच दिवशी, ७ ऑक्टोबरला, अमेरिकेने अफगाणिस्तानवर हवाई हल्ले सुरू केले होते. जगातल्या सगळ्या विमानतळांवर प्रवाशांच्या खिशातले चाकू आणि कात्र्या शोधल्या जात होत्या. लिनाटेची बातमी आली तेव्हा पहिली शंका घातपाताचीच आली, आणि घातपात नाही हे कळताच जगाचे लक्ष दुसरीकडे गेले. ‘फक्त अपघात’ होता ना! या ‘फक्त’ शब्दाशी आमचे भांडण आहे.

आता घटना. सकाळी ८ वाजून १० मिनिटांचा सुमार. दाट धुके, धावपट्टीवर जेमतेम २०० मीटरपर्यंतचे दिसत होते. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे एमडी-८७ विमान १०४ प्रवासी आणि ६ कर्मचारी घेऊन कोपनहेगनला निघाले होते. त्याच वेळी विमानतळाच्या पश्चिमेकडील, खासगी विमानांसाठी राखलेल्या तळावरून सेस्ना कंपनीचे एक छोटे जेट पॅरिसकडे निघाले. त्यात दोन वैमानिक आणि दोन प्रवासी. हे छोटे विमान त्याच सकाळी जर्मनीतून आले होते. तसल्या धुक्यात उतरण्याची पात्रता त्याच्या वैमानिकांकडे नव्हती, तरी ते उतरले. ही पात्रता तपासावी असे तिथे कोणाला वाटले नाही, कारण तशी व्यवस्थाच नव्हती.

पश्चिम तळावरून बाहेर पडताना जमिनीवरची पिवळी रेषा दुभंगते. डावीकडचा फाटा आर-५: तो उत्तरेकडे जातो आणि मुख्य धावपट्टीच्या टोकापलीकडून वळसा घालतो. उजवीकडचा फाटा आर-६: तो धावपट्टीला थेट छेदतो. नियंत्रकाने छोट्या विमानाला सांगितले की उत्तरेकडे आर-५ ने जा आणि मुख्य धावपट्टीच्या वाढीव रेषेवरील थांब्यापाशी पोहोचलात की कळवा. वैमानिकाने नियमाप्रमाणे निरोप परत म्हणून दाखवला: आर-५ ने जातो आणि मुख्य धावपट्टीपाशी येण्यापूर्वी कळवतो. वाचकांनी ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून पाहावीत. दोन शब्द गळाले आहेत, ‘उत्तरेकडे’ आणि ‘वाढीव रेषा’. नेमके हेच दोन शब्द एका फाट्याला दुसऱ्यापासून वेगळे करणारे होते. ‘आर-५’ हे नाव मात्र दोघांच्याही तोंडी बरोबर होते, म्हणून निरोप पोहोचला असे दोघांनीही मानले.

विमान वळले ते आर-६ वर. फाट्यापाशीच्या खुणा झिजलेल्या होत्या आणि नियमाला धरून नव्हत्या.

पुढचा भाग आम्ही प्रत्येक वेळी थांबून वाचतो. आर-६ वरून काही अंतर गेल्यावर वैमानिकाने आपण होऊन कळवले की आम्ही एस-४ जवळ येत आहोत. एस-४ ही अक्षरे खरोखरच त्या रस्त्यावर रंगवलेली होती. म्हणजे माणूस चुकीच्या वाटेवर होता, पण आपण कुठे आहोत हे अगदी खरे सांगत होता. त्या क्षणी टक्कर व्हायला जवळजवळ दोन मिनिटे होती. पण एस-४ ही खूण प्रसिद्ध झालेल्या कोणत्याही नकाशावर नव्हती. नियंत्रकाला ती ठाऊकच नव्हती. त्याने जागा पुन्हा विचारली. उत्तर तेच आले. त्याने थांबायला सांगितले, आणि थोड्या वेळाने, ते विमान आपल्या मनातल्या नकाशाप्रमाणे उत्तरेकडे मुख्य तळाजवळ आहे असे धरून, पुढे चला म्हणून परवानगी दिली. धावपट्टीसमोर उभ्या असलेल्या वैमानिकाने त्या परवानगीचा अर्थ ‘धावपट्टी ओलांडा’ असा घेतला. वाटेत थांब्याची खूण होती, लाल दिव्यांची ओळही होती. पण ते दिवे नियंत्रकाला मनोऱ्यातून चालू-बंद करता येत नसत. जो लाल दिवा परवानगी मिळाल्यावरही लालच राहतो, त्याला माणसे किती दिवस मानतील?

इकडे एमडी-८७ ला उड्डाणाची परवानगी मिळाली होती. तो संवाद वेगळ्या नियंत्रकाशी, वेगळ्या रेडिओ-कंप्रतेवर चालला होता, म्हणून दोन्ही विमानांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते. त्यातच त्या विमानतळावर काही संवाद इटालियनमध्ये आणि काही इंग्रजीत चालत. कोण कुठे आहे याचे चित्र ऐकणाऱ्याच्या मनात तयार होण्याचा तोही मार्ग बंद.

मोठ्या विमानाचे पुढचे चाक नुकतेच उचलले गेले होते. वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. २०० मीटर अंतर कापायला त्याला २.७ सेकंदांहून कमी वेळ लागतो. मंदन सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद इतके भरपूर धरले, तरी v²/२a या सूत्राने थांबायला ९०० मीटरहून अधिक लागतील. म्हणजे वैमानिकाने समोरचे विमान पाहिले काय आणि न पाहिले काय, फरक पडत नाही. धुक्यातले उड्डाण डोळ्यांवर चालत नाही. ‘धावपट्टी मोकळी आहे’ या दुसऱ्याने दिलेल्या शब्दावर ते चालते. दहावीच्या गतिविषयक समीकरणांचा इतका भीषण उपयोग दुसरा आम्हांला माहीत नाही.

टक्करीत एमडी-८७ चे उजवे इंजिन तुटून पडले. विमान सुमारे १२ मीटर उंच गेले, खाली आले आणि घसरत जाऊन सामान हाताळण्याच्या इमारतीवर आदळले. विमानातले सर्व ११०, छोट्या विमानातले ४ आणि इमारतीत काम करणारे ४. धुके इतके दाट होते की छोट्या विमानाचे अवशेष धावपट्टीवर पडले आहेत हे बराच वेळ कोणाच्या लक्षातही आले नाही. बचाव पथके इमारतीच्या आगीकडे धावली होती.

हा झाला घटनाक्रम. तो मांडण्यात अहवालाचे कौशल्य निर्विवाद आहे. सेकंदासेकंदाचे संवाद, रंगाच्या झिजलेल्या खुणांची छायाचित्रे आणि कोणता फलक कोणत्या नियमात बसत नाही याची नोंद त्यात आहे. विमानतळ परिशिष्ट १४ च्या अपेक्षा पुऱ्या करत नव्हता आणि सुरक्षितता सांभाळण्याची चालती व्यवस्था तिथे नव्हती, हे अहवाल आडपडदा न ठेवता सांगतो. सरकारी कागदात इतका स्पष्टपणा दुर्मिळ असतो. जमिनीवरील हालचाली दाखवणारे जुने रडार काढून टाकलेले होते. नवे येऊन पडले होते, पण चालू झाले नव्हते. अपघातानंतर काही महिन्यांनी ते कामाला लागले. आणि धावपट्टीवर कोणी अनाहूत शिरले तर सूचना देणारे संवेदक बंद करून ठेवले होते. ते का, तर गाड्या आणि प्राणी जवळून गेले तरी ते वाजत.

या शेवटच्या मुद्द्यावर अहवाल फार रेंगाळत नाही. आम्हांला रेंगाळावेसे वाटते, कारण इथे सुरक्षितता आणि बंदोबस्त यांची तुलना करता येते आणि ती साध्या गणिताने करता येते. समजा, एखाद्या छेदरस्त्यापाशी दिवसाला ५०० निर्दोष हालचाली होतात: परवानगी असलेली विमाने, देखभालीच्या गाड्या, ससे, पक्षी. समजा, संवेदक इतका चांगला आहे की अशा १०० प्रसंगांपैकी ९८ वेळा तो गप्प राहतो. म्हणजे दिवसाला १० वेळा तो विनाकारण वाजेल, वर्षाला ३,६५० वेळा. आता खरी घुसखोरी वर्षातून २ वेळा होते आणि ती त्याने न चुकता पकडली असे धरू. तरी प्रत्येक खऱ्या इशाऱ्यामागे १,८२५ खोटे इशारे येतील. यंत्र ‘९८ टक्के अचूक’ असूनही! मनोऱ्यात बसलेला माणूस महिनाभरात त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकेल आणि दोन महिन्यांत कोणीतरी ते बंद करण्याचा अर्ज करील. दुर्मिळ गोष्ट शोधणाऱ्या प्रत्येक चाचणीचा हा स्वभाव आहे. वैद्यकातही हेच गणित लागू पडते.

सामान तपासणाऱ्या यंत्रांचे गणित याहून वेगळे नाही. तिथेही हजारो पिशव्यांत एखादी संशयास्पद, आणि संशयास्पदांतही बहुतेक निरुपद्रवी. तरीसुद्धा ते यंत्र कोणी बंद करत नाही. उलट, तपासनीस कंटाळून बेसावध होऊ नये म्हणून अनेक विमानतळांवर पडद्यावर मधूनच खोट्या शस्त्रांची चित्रे मिसळतात आणि त्याने ती ओळखली की नाही याची नोंद ठेवतात. खोट्या इशाऱ्यांचा त्रास इथे कोणाला होतो? रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशाला. धावपट्टीवरच्या खोट्या इशाऱ्यांचा त्रास कोणाला? विमानतळ चालवणाऱ्यांना, प्रत्येक वेळी वाहतूक थांबते, वेळापत्रक कोलमडते. म्हणून एका ठिकाणी यंत्राचा दोष मान्य करून माणसाला जागे ठेवण्याची युक्ती शोधली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी यंत्राचे बटण बंद झाले. हा फरक तंत्रज्ञानाचा नाही.

दुसऱ्यांचे दोष काढताना आपलेही सांगावेत. आमच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत काही वर्षांपूर्वी ज्वलनशील वायूची गळती सांगणारे यंत्र बसवले. काचेची भांडी अल्कोहोलने धुतली की ते कर्कश वाजू लागे. पहिला आठवडा आम्ही सारे बाहेर पळालो. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी उठून खिडकी उघडे. महिन्याभरात त्याच्या भोंग्यावर चिकटपट्टी आली. ती कोणी लावली हे सर्वांना माहीत होते आणि आम्ही काहीही बोललो नाही. चिकटपट्टीवर धूळ साचल्यावर ती पांढऱ्याची करडी झाली. वार्षिक तपासणीच्या कागदावर मात्र ‘यंत्र बसवलेले आहे’ यापुढे बरोबरची खूण होत राहिली. लिनाटेचा अहवाल पहिल्यांदा वाचला त्या संध्याकाळी आम्ही ती पट्टी काढली. नंतर ते यंत्र भांडी धुण्याच्या जागेपासून दूर, वायूच्या नळकांड्यांजवळ हलवले. काम अर्ध्या तासाचे होते.

आता अहवाल जिथे अडखळतो तिकडे वळू. निष्कर्षाच्या भागात तो म्हणतो की अपघाताचे तात्कालिक कारण छोट्या विमानाने धावपट्टीवर केलेला प्रवेश हे होय. मग लगेच पुस्ती जोडतो की त्या वैमानिकांची चूक ही ज्या परिस्थितीने हा घटनाक्रम होऊ दिला त्या परिस्थितीच्या तुलनेत तोलून पाहिली पाहिजे, आणि विमानतळावरील एकूण व्यवस्था गैरसमज व ढोबळ मानवी चुका अडवू शकेल अशी नव्हतीच. हेतू उत्तम. पण तोलायचे कशाने? अहवाल तराजू आणा म्हणतो आणि तराजू दाखवत नाही. परिणाम असा की ज्याला जे वाक्य हवे ते त्याने उचलावे. वर्तमानपत्राने ‘तात्कालिक कारण’ उचलले, तर त्याला चुकीचे म्हणता येणार नाही.

मागे एकदा शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही या घटनेचा गोषवारा वाचून दाखवला आणि अपघाताचे कारण एका ओळीत लिहायला सांगितले. बहुतेकांनी ‘वैमानिकाची चूक’ असे लिहिले, काहींनी ‘धुके’. त्यांचा दोष नाही, आपण एका ओळीचेच उत्तर मागितले होते. परीक्षेतही तेच मागतो.

तराजू कसा करता आला असता? प्रयोगशाळेत आपण जे करतो तेच: बाकी सारे तसेच ठेवायचे आणि एकच गोष्ट बदलून पाहायची. रडार चालू असते तर? नियंत्रकाने त्या क्षणी पडद्याकडे पाहिले असते तर टक्कर टळली असती. म्हणजे उत्तर ‘बहुधा’. संवेदक चालू असते तर? वर पाहिलेल्या गणितामुळे उत्तर ‘कदाचित’. निरोपातले गळालेले शब्द नियंत्रकाने पकडले असते तर? वैमानिकाला दिशा समजली असती, पण झिजलेल्या खुणांपाशी तो पुन्हा चुकू शकला असता. एस-४ ही खूण नकाशावर असती तर? इथे मात्र नियंत्रकाला ते विमान आर-६ वर आहे हे कोणत्याही यंत्राशिवाय, वैमानिकाच्या स्वतःच्या तोंडून कळले असते. या एकाच दुरुस्तीचा खर्च सर्वांत कमी: थोडा रंग आणि नकाशाची नवी प्रत. आमच्या मते अहवालाचा गाभा इथे हवा होता. व्यवस्थेला खरी माहिती मिळाली होती, पण ती तिच्या शब्दकोशात नव्हती, म्हणून ती गोंगाटात जमा झाली.

नियंत्रकाला यातून पूर्ण सोडावे असेही आम्हांला वाटत नाही. न कळलेला शब्द कानावर आला, विचारल्यावर पुन्हा तोच आला, आणि तो कळल्यासारखा पुढे गेला. पण असे का होते तेही समजते. त्याने आर-५ सांगितले होते आणि आर-५ च परत ऐकले होते. मनात चित्र तयार झाल्यावर त्यात न बसणारा तुकडा माणूस बाजूला ठेवतो. आपल्या वर्गात एखादा मुलगा अनपेक्षित उत्तर देतो, आपल्याला ते नीट कळत नाही, आणि तास संपत आलेला असतो तेव्हा आपण ‘बरं, बस’ म्हणतो. त्या उत्तरात काय होते हे पाहायचे राहून जाते.

अशा अपघातांचे विवेचन करताना हल्ली जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाची उपमा हमखास येते. भोके असलेल्या चीजच्या चकत्या एकामागे एक उभ्या केल्या, तर एखाद्या वेळी सगळी भोके एका रेषेत येतात आणि त्यातून संकट आरपार जाते. उपमा उपयुक्त आहे, पण ती ऐकणाऱ्याला सारा योगायोगाचा खेळ वाटतो. लिनाटेची भोके योगायोगाने पडलेली नव्हती. रडार काढण्याचा निर्णय कोणीतरी घेतला, संवेदक बंद करण्याचा निर्णय कोणीतरी घेतला, नवे रडार न जोडता ठेवले हाही एक निर्णयच. त्यांना तारखा होत्या आणि सह्या होत्या. धुके तेवढे योगायोगाचे होते, आणि मिलान ज्या पो नदीच्या खोऱ्यात आहे तिथे शरद ऋतूतले धुके म्हणजे आपल्याकडच्या आषाढातल्या पावसाइतकेच ‘अनपेक्षित’.

अहवालाने तराजू दिला नाही, तो न्यायालयाने दिला. पण त्याचे एकक वेगळे होते. एप्रिल २००४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने चौघांना दोषी ठरवले. त्यांत नियंत्रकाला ८ वर्षांची शिक्षा झाली. २००६ मध्ये अपिलात ती ३ वर्षांवर आली आणि विमानतळाचे दोन अधिकारी सुटले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कायम केले. अपघात-अन्वेषणाचे आंतरराष्ट्रीय नियम ज्या परिशिष्ट १३ मध्ये आहेत, ते स्पष्ट सांगते की अन्वेषणाचा उद्देश अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे हा नाही. न्यायालयाचे काम दोष वाटण्याचेच आहे आणि ते त्याने करावे. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की ध्यानात येते, की मनोऱ्यात बसलेल्या माणसापर्यंत पोहोचणे सोपे असते. झिजलेल्या रंगामागच्या माणसापर्यंत पोहोचता पोहोचता वाट हरवते.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर दूर जायला नको. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टीच्या टोकापलीकडील बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या ट्रकला धडकले आणि पुढे विजेच्या तारांत अडकून कोसळले. ११८ जणांपैकी ५५ दगावले. चौकशीत वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यात केलेला उशीर आणि चुकीची पद्धत हे कारण सांगितले गेले, आणि त्याबरोबरच विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरील वाहतूक रोखण्यात विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयशही. इथे दोन कारणे एका वाक्यात, एका वजनाने आली आहेत हे आम्हांला लिनाटेच्या वाक्यापेक्षा बरे वाटते. आमच्या पिढीच्या आठवणीत मात्र या अपघातातला फक्त ट्रक उरला आहे.

बंदोबस्त आणि सुरक्षितता यांचा धागा एकमेकांत कसा गुंततो याचे सर्वांत मोठे उदाहरण टेनेरिफचे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या लास पाल्मास विमानतळावर फुटीर गटाने बाँब फोडला. त्या स्फोटात कोणी मेले नाही, पण विमानतळ बंद झाला, तिथली विमाने शेजारच्या बेटावरील लहानशा लॉस रोडेओस विमानतळावर वळवली गेली. तिथे गर्दी झाली, विमानांना धावपट्टीवरूनच उलट चालत जावे लागले, धुके उतरले, आणि दोन जंबो जेट एकमेकांवर आदळून ५८३ माणसे गेली. त्याही वेळी स्पेनच्या अहवालाने उड्डाण करणाऱ्या डच कप्तानाच्या कृतीवर भर दिला आणि डच तज्ज्ञांनी परस्परांच्या गैरसमजावर. वस्तुस्थिती एक, वाचने दोन.

मग अहवालांचा उपयोग होतो का? होतो. निरोप परत म्हणण्याची शिस्त, ‘उड्डाण’ हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगीच्या वेळीच वापरण्याचा नियम, या टेनेरिफच्या देणग्या आहेत. पण यंत्र आणले की काम झाले असे मानणाऱ्यांनी २ जानेवारी २०२४ ची टोकियोच्या हानेदा विमानतळावरील घटना वाचावी. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले तटरक्षक दलाचे विमान परवानगी मिळाली असे समजून धावपट्टीवर येऊन उभे राहिले आणि उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान त्यावर आदळले. मोठ्या विमानातले सर्व ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडले, ही कवायतीची आणि शिस्तीची कमाल. तटरक्षक विमानातील ६ पैकी ५ मरण पावले. तिथे धावपट्टीत कोणी शिरले तर नियंत्रकाच्या पडद्यावर रंग बदलून दाखवणारी यंत्रणा होती आणि, डिसेंबर २०२४ मधल्या अंतरिम अहवालानुसार, ती चालूही होती. तिने एका मिनिटाहून अधिक काळ इशारा दाखवला. कोणाचे लक्ष गेले नाही. लिनाटेच्या अहवालाविषयी आम्ही वर जे ‘बहुधा’ लिहिले ते याच कारणाने.

ज्यांना हा अहवाल वर्गात न्यायचा असेल त्यांना एक सूचना. सगळा वाचू नये. तो लांब आहे आणि त्यातले वैद्यकीय तपशील मुलांसाठी नाहीत. संवादांची पाने आणि विमानतळाचा आराखडा तेवढा घ्यावा. मैदानावर चुन्याने दोन फाटे आखावेत, दोघांना पाठीला पाठ लावून उभे करावे, एकाच्या हातात खुणा असलेला नकाशा द्यावा आणि दुसऱ्याच्या हातात खुणा नसलेला. आम्ही हे एका शाळेत अकरावीच्या मुलांसोबत केले. ‘नियंत्रक’ झालेल्या मुलीला तिच्या नकाशात नसलेली खूण ऐकू आली तेव्हा ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, “हं, ठीक आहे, पुढे या.” खेळ संपल्यावर सगळे तिला हसले. ती मात्र चुन्याच्या रेषेकडे गेली आणि आम्हांला विचारू लागली, की जमिनीवर एस-४ रंगवणाऱ्याने ते कोणाला कळवायचे असते?